तेवढी जागा सुकलीच नाही

आधीच सांगून ठेवतो, मी भूतबित मानणारा माणूस नाही. उभी जिंदगी गांधीबागेच्या बाजारात हमाली केली, कापडाच्या गठाणी वाहिल्या. एका गोदामात माणूस फाशी घेऊन मेला होता म्हणे. त्याच गोदामात दुपारच्या झोपा काढल्या मी. काही दिसलं नाही. ढेकूण दिसले. म्हणून हे वाचून कोणाले वाटत असंल की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, त वाटू द्या... दुसऱ्यानं लिहिलं असतं त मी बी हेच म्हटलं असतं. शाळा चौथीपर्यंत झाली, आमच्या गावी, खाप्याले. पोरीनं चुका सुधरवल्या तेवढ्या सुधरवल्या.

लकडगंजकडून आमच्या वस्तीकडं येताना मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक सुपरमार्केट होतं. नाव नाही लिहीत. एसीवालं, आपोआप सरकणाऱ्या दाराचं. आता तिथं उंच बिल्डिंग उभी आहे — खाली दुकानं, वर फ्लॅट, जमिनीच्या पोटात गाड्या ठेवायची जागा. जे झालं ते याच बिल्डिंगच्या खालच्या माळ्यावर झालं, गल्लीच्या बाजूच्या दुकानात. भर दिवसा, चार लोकांसमोर.

पण आधी विमलचं सांगावं लागते. विमल माझी बायको. ती त्या सुपरमार्केटात मेली.

दिवाळीच्या आधीचा सेल होता. शेजारच्या कुसुमबाईसंगं गेली होती. पिठाच्या रॅकपाशी ही गर्दी — एका थैलीवर एक फुकट. थैली ओढता ओढता छातीत कळ आली, खाली बसली, थैली फुटली, अन् त्याच पिठात आडवी झाली. कुसुमबाईचा फोन आला तसा मी पळत गेलो. काय पाहिलं सांगू? आडोसा म्हणून दुकानवाल्यांनी सेलचा बॅनर सोडून तिच्याभोवती धरला होता. बॅनरवर एक बाई दात काढून हासत होती. बाजूनं ट्रॉल्या चालूच. एक माणूस बॅनरच्या वरून हात घालून रॅकमधली थैली काढून राहिला होता. त्याले खाली विमल दिसत होती... दिसत होती ना! पण हात नाही थांबला लेकाचा. अन् तिकडं बिलाची मशीन टीं टीं करून राहिली होती.

मले तेव्हा रडू नाही आलं. किळस आली. ती अजून गेली नाही.

आमच्यात जिथं माणसाचा जीव जातो तिथं पीठ पसरून त्यावर दिवा ठेवतात, वरून टोपलं झाकतात. दहा दिवस. दहाव्याले टोपलं उचलून पाहतात, पिठात काही उमटलं का — पाखराचा पाय, गाईचा खूर. मेलेला माणूस कुठं गेला ते त्यावरून समजते म्हणतात. मी ते मानत नव्हतो. पण दिवा जीव गेला तिथंच लावतात, हे पक्कं. म्हणून सुपरमार्केटच्या मॅनेजरपाशी गेलो. म्हटलं, "साहेब, टोपल्याएवढी जागा द्या कोपऱ्यात. कोणाले त्रास नाही होणार."

"अंकल, कस्टमर घाबरेल ना," तो म्हणे. "घरी लावा. भगवान सब देखता है."

घरी लावला. पण घरी तिचा जीव गेलाच नव्हता. दहाव्याले टोपलं उचललं, पीठ होतं तसंच. माझ्या पोरीनं, ज्योतीनं, पीठ गोळा केलं अन् टोपलं जागेवर ठेवलं.

पुढं ते सुपरमार्केट तोट्यात गेलं अन् जागा बिल्डरनं घेतली. जेसीबी लागला त्या दिवशी मी समोरच्या पानठेल्यावर उभा राहून सगळं पाहिलं. बरं वाटलं मले, खोटं काहून बोलू? मंग खाली पार्किंगसाठी खड्डा खणला. मुरूम लागेपर्यंत खणला अन् ट्रकांनी सगळी माती कुठं तरी नेऊन टाकली. म्हणजे विमल ज्या फरशीवर पडली ती फरशी गेली, फरशीखालची जमीन बी गेली. हे ध्यानात ठेवा, कारण मले आजवर समजलं नाही ते इथंच आहे. आता जिथं दुकानं आहेत त्याच्या खाली जमीनच नाही. खाली गाड्या उभ्या राहतात.

रस्त्यावर मोठा बोर्ड लागला — इथंच राहा, इथंच खरेदी करा. मनात म्हटलं, इथंच मरा बी.

कुसुमबाईले त्या साइटवर झाडझूड करायचं काम भेटलं होतं. एका दुपारी ती माझ्या दारात. घाम पुसून राहिली होती.

"भाऊजी, चला माझ्यासंगं."

"काय झालं वं?"

"मी नाही सांगत. सांगतलं त मलेच शिव्या द्याल. तुमच्या डोळ्यानं पाहा."

गेलो. गल्लीच्या बाजूनं दुकानांची रांग, शटर लागलेले, टाईल्स बसवणं चालू. शेवटून दुसऱ्या दुकानापाशी पोचायच्या आधीच वास आला. भिजवलेली कणीक उन्हाळ्यात झाकून विसरली त दुसऱ्या दिवशी येते ना, तो वास. पण शंभर घरच्या कणकीचा.

दुकानात सगळीकडं टाईल्स बसल्या होत्या, नुसत्या मधात एक जागा उघडी. आडवी, लांबट. एक ठेंगणी बाई झोपंल एवढी. विमल ठेंगणी होती.

टाईल बसवणारा मिस्त्री बालाघाटकडचा, तोंडाले गमछा बांधून बाहेरच उभा. मले म्हणे, "कितनी बार उखाड़ा, बाबूजी. बाजू में उसी बोरी का माल लगाया, पत्थर हो गया. और यहाँ देखो..."

मी खाली बसून हात लावला. नव्हता लावायला पाहिजे. सिमेंटचा माल थंडा असते, खरखरीत असते, बोटाले चावते. हे गरम होतं. मऊ, चिकट, लोचट. बोटं दाबली तशी आत गेली अन् भोवतालचं बोटांवर मिटून आलं. हात ओढला त तार आली. अन् त्यात पांढऱ्या अळ्या वळवळून राहिल्या होत्या. सिमेंटात अळ्या! मी तिथंच भिंतीले धरून ओकलो.

"इंजिनियर साहब पन्नी में भर के ले गए थे," मिस्त्री म्हणे. "ऑफिस पहुँचते-पहुँचते गोटा बन गया. हथौड़ी से भी नहीं टूटा." अन् कानाले हात लावले.

मी म्हटलं, "खालून पाईप गळत असंल."

"खाली पार्किंग आहे, भाऊजी," कुसुमबाई म्हणे. "जाऊन पाहा, छत कोरडं ठण्ण आहे. अन् इथंच पिठाचं रॅक होतं. गल्लीतली ती विजेची डीपी इथूनच दिसे काचेतून. मले नका शिकवू, मीच तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं."

मी खाली पार्किंगमधी जाऊन पाहिलं. छत कोरडं होतं. घरी आलो, हात राखेनं घासला, साबणानं घासला, लिंबू चोळला. वास जाईना. त्या हातानं घास तोंडापाशी आणला की खाली ठेवावा लागे.

मी कोणालेच काही बोललो नाही. पण कुसुमबाईच्या पोटात राहिलं नाही. मिस्त्रीनं ऐकलं, अवजार उचललं, अन् म्हणे हे निपटल्याबिगर टाईल लावत नाही. मंग बिल्डरचा माणूस माझ्या घरी आला. निखिल साहेब. टोकदार बूट, गोड तोंड. हातात संत्रा बर्फीचा डबा. आमच्या घरात बाईच्या फोटोले हार घातलेला, अन् हा बर्फी घेऊन आला.

"काका, आम्ही होम केला, वास्तुशांती केली. काही उपयोग नाही. त्या मावशी सांगत होत्या की तुमचा तो दिव्याचा विधी राहिला होता. तुम्ही करा ना. सगळी व्यवस्था आमची. गाडी पाठवतो."

"आता गाडी पाठवता?"

"म्हणजे?"

"तेव्हा टोपल्याएवढी जागा मागतली त कस्टमर घाबरत होते. आता तुमचे गिऱ्हाईक नाक दाबून पळून राहिले, त मी आठवलो?"

"काका, ते सुपरमार्केटवाले वेगळे, आमची कंपनी वेगळी..."

"सगळे एकाच नाल्यातले डुक्कर आहात. ऊठ. बर्फी उचल अन् चालता हो."

गेला. मले खूप बरं वाटलं. म्हटलं सडू दे त्यांचं दुकान. वास वरच्या फ्लॅटपर्यंत जाऊ दे.

संध्याकाळी ज्योती आली. तिले कुसुमबाईनं सगळं सांगतलं होतं. ती आधी ओट्यावर भांडी घासत राहिली. मंग पाठ माझ्याकडंच ठेवून बोलली.

"बाबा, तुम्हाले काय वाटते, तिथं आई आहे?"

"मी नाही मानत असलं."

"मानत नाही त मंग दिवा लावायले काय जाते तुमचं? अन् मानत असाल, त आई तिथं अळ्यात पडून आहे अन् तुम्ही बिल्डरवर रुसून घरी बसले."

मी उठलो अन् टोपलं खाली काढलं.

मी निखिल साहेबाले निरोप पाठवला. पंडित नको. फोटो काढणारे नको. गाडी नको, माझे पाय आहेत. दहा दिवस त्या दुकानात कोणी पाय ठेवायचा नाही. तो लगेच मिस्त्रीले घेऊन धावत आला.

"टेन डेज? काका, लोकांना ताबा द्यायचाय हो. पाच दिवसांत नाही होणार?"

"मेलेल्या माणसाले काय सेल लावून राहिला बे? दहाच्या जागी पाच दिवसात पूर्ण मोक्ष?"

मिस्त्री तोंड फिरवून हासला.

पीठ मी घरून नेलं. ज्योतीनं गहू निवडून चक्कीवरून आणले होते. नाकाले फडकं बांधून त्या लिबलिबीत मालावर आधी पळसाची पत्रावळ ठेवली, तिच्यावर पीठ पसरलं, दिवा लावला, टोपलं झाकलं. पत्रावळ जराशी खाली दबली.

मंग रोज सकाळी जायचो, तेल घालायचो, दिवस उतरेपर्यंत सिमेंटच्या बोरीवर बसून राहायचो. पहिल्यांदा वासानं डोकं भणभणे. बाहेरून फ्लॅट पाहायला जोडपी येत, बायका ओढणी नाकाले लावत, निखिल साहेब सांगे, "नाल्याचं काम चालू आहे, मॅडम." खोटारडा. मी आतून मोठ्यानं खाकरायचो.

अन् मी बोलायचो तिच्याशी. हे लिहू का नको असं झालं होतं, पण ज्योती म्हणे लिहा. म्हटलं विमल, ज्योतीनं कूलर बदलला. म्हटलं कुसुमबाईची सून लढाऊ निघाली. म्हटलं तू भाजीत तिखट टाकायची तसं कोणाच्यानं होत नाही, मले आता भाजी गिळावी लागते. घरी तिच्या फोटोसमोर मी कधी बोललो नाही. फोटो ऐकत नाही. तिथं मात्र... काय माहीत. बोलणं निघे तोंडातून.

वास रोज कमी होत गेला. मले ते कळत होतं. कळत होतं अन् मी ज्योतीले सांगत नव्हतो.

दहाव्याले ज्योती, कुसुमबाई, मिस्त्री, निखिल साहेब सगळे दारात. मी टोपलं उचललं. पिठात पाखराचा पाय नव्हता, गाईचा खूर नव्हता, काहीच नव्हतं. पत्रावळ उचलली. खालचा माल दगड झाला होता. राखाडी, कोरडा, कडक. अळी नाही, वास नाही. मिस्त्रीनं थापी आपटली त टण्ण वाजलं.

"मोकळी झाली माय," कुसुमबाई हात जोडून रडली.

"थँक यू काका! थँक यू!" निखिल साहेब फोन कानाले लावून बाहेर पळाला बी. दुकान तयार आहे म्हणून सांगून राहिला होता कोणाले तरी. त्याच्या तोंडावरची ती खुशी पाहून मले त्या अळ्यांपेक्षा जास्त किळस आली.

मिस्त्री मले म्हणे, "बाबूजी, टाईल लगा दूँ?"

मी खाली बसलो. हात लावला. दाबला. अंगठ्यानं जोर देऊन दाबला, नखानं खरडलं. कुठंच बोट जाईना.

"बाबा, उठा," ज्योती म्हणे.

उठलो. मिस्त्रीनं टाईल लावली. पीठ आम्ही खाप्याले नेऊन कन्हान नदीच्या पाण्यात सोडलं.

इंजिनियर अजून म्हणते, बोरीतच खराबी होती. मंग तीच बोरी बाजूले कशी चालली? अन् ऑफिसात नेल्यावर दगड कसा झाला? ज्या जागेची मातीच कोणत्या कोणत्या ट्रकात गेली, तिथं अधांतरी, गाड्यांच्या डोक्यावर, हे आलं कुठून? मले माहीत नाही. पुजारी-मांत्रिकाचे पत्ते पाठवू नका, मी आजही मानत नाही.

त्या दुकानात आता मोबाइलचे कव्हर विकतात. पोट्टे-पोट्टी त्या टाईलवर उभे राहून रंग निवडतात. मी जातो कधी कधी. कव्हर घ्यायचं नसते, मालकाले बी आता माहीत झालं, तो स्टूल देते. मी बसून नाकानं वास घेतो. फिनाईलचा येते नुसता.

सगळे म्हणतात, चांगलं केलं, विमल सुटली. सुटली असंल. पण खरं सांगतो, या फिनाईलच्या वासानं मले जेवढं मळमळते तेवढं त्या सडक्या कणकीनं नव्हतं मळमळत. दिवा लावला नसता त ती जागा ओलीच राहिली असती. घाण वास, अळ्या, सगळं तसंच राहिलं असतं... अन् मी नाकाले फडकं बांधून रोज जाऊन बसलो असतो.