मामांसमोर विचारलेला प्रश्न

खांब गावाला एका हळदीला जाताना बाइक घसरली आणि माझ्या मांडीच्या हाडाचे तीन तुकडे झाले. पेणला ऑपरेशन झालं, आत रॉड बसला. हाड जुळत होतं, पण भानगड दुसरीच होती. तीन महिने झाले तरी नवरा म्हणून माझ्यात काही हालचालच नाही. सकाळीसुद्धा नाही! अजून चाळिशी गाठली नव्हती आणि दुकान कायमचं बंद झालं की काय, या विचाराने माझी पाचावर धारण बसली होती.

डॉक्टरांना विचारावं, तर एकटं भेटता येईल तर शपथ. रोह्याला लागून असलेल्या आमच्या अष्टमी गावात पेशंटला एकटं पाठवणं म्हणजे घराण्याला बट्टा. दर खेपेला गाडीत मामा, मेव्हणा आणि शेजारचे काका, आणि तिघेही थेट केबिनमध्ये. मी तोंड उघडायच्या आत मामा सांगणार, "जेवण बरं चाललंय डॉक्टर, पोटपण साफ हाय." अहो, पोट माझं, मला तरी सांगू द्या!

चौथ्या खेपेला मी डोकं चालवलं. "पेणला आलोच हाय, तर पोह्याचे पापड घेऊन या," म्हणून तिघांना पिटाळलं. दोघे गेले. मामा ढिम्म. "पेशंटला एकटा सोडायचा नसतो."

म्हटलं, गेली लाज खड्ड्यात. छताकडे बघत विचारलं, "डॉक्टर, ते नवराबायकोचं... होत नाय. कायमचं गेलं का?"

मामांना ठसका लागला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "दुखणं, गोळ्या, पडून राहणं आणि भीती. बहुतेकांचं परत येतं. पायावर जोर नको, खाली उशी घ्या, घाई करू नका. महिन्याभरात फरक नाही पडला तर तपासण्या करू."

मी खूश होऊन कुबड्या शोधायला लागलो, तर मामांनी खुर्ची पुढे ओढली. "आणि डॉक्टर, गुडघेदुखीवाल्यांचं कसं? म्हणजे, साठीनंतर?"

रोह्यापर्यंत आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

घरी पोरं शाळेत गेलेली. बायकोला कसंबसं सांगितलं. ती भाजी निवडत म्हणाली, "म्हायती हाय मला. मागच्या महिन्यात रिपोर्ट आणायला गेलेली, तेव्हाच विचारलं."

"मग बोलली का नाहीस गो?"

तिचे हात थांबले. "डॉक्टर बोलले, येईल परत. पण तुम्ही रोज भिंतीकडं तोंड करून झोपता. मला वाटलं, पायाचं नुसतं निमित्त हाय, तुम्हाला मीच नकोशी झाले."

मी एक नंबरचा गाढव! घाईने तिच्याकडे सरकायला गेलो, तर पाय खाटेच्या कडेला अडकला, आणि तिलाच उठून येऊन तो उचलावा लागला.