वजनाचं तिकीट

“आई तर काडीसारखी आहे. मग ही कोणावर गेली?”

मी पडद्यामागे, स्वयंपाकघरात, पोह्यांचा ट्रे धरून उभी होते. बघायला आलेल्या मुलाची मावशी हळू बोलली होती, पण डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत हळू बोललेलंही सगळ्यांना ऐकू जायचं.

“खाण्याचा सोस असेल,” मुलाची आई म्हणाली.

“नाही हो. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, सगळे उपास करते,” माझ्या आईनं सांगितलं.

ते खरं होतं. वजन उतरावं म्हणून तिनंच ते लावले होते. उपासाला तुपातली साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचा लाडू. मला उपाशी बघणं तिला जमायचं नाही. महिन्यातून एकदा ती मला स्टेशनवरच्या काट्यावर उभी करायची. पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडायचं, एका बाजूला नटी, दुसऱ्या बाजूला भविष्य आणि वजन. भविष्य न वाचताच ती ते पर्समध्ये टाकायची. त्या सकाळीही टाकलं होतं.

मी पोटात होते तेव्हा गावाकडे दुष्काळ होता. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि रेशनवर मिळणाऱ्या मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची, अर्धी भाकरी खायची. अशी उपासमार पोटातल्या बाळाच्या जनुकांवर खुणा ठेवू शकते, जनुकं तीच राहतात पण शरीर मिळेल ते साठवायला शिकतं, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. तेव्हा आम्हा दोघींना वाटायचं, दोष माझ्या जिभेचा.

ट्रे ठेवून मी सोफ्याच्या कोपऱ्यात बसले. हा पाचवा कार्यक्रम. शाळेत इंग्रजीत भाषण करणारी मी, अशा वेळी मान हलवण्यापलीकडे काही करत नसे. त्या दिवशी चतुर्थी, त्यामुळे पोह्यांची बशी सगळ्यांना होती, मला नव्हती.

“वजन किती गं तुझं?” मावशीनं विचारलं.

“बासष्ट,” आई म्हणाली. पर्स तिनं मांडीवर घट्ट धरली होती.

मावशीनं मुलाच्या आईकडे बघितलं. तिनं मान डोलावली. म्हणजे बासष्ट चालणार होतं. लग्न जमलं तर त्या घरात मला जन्मभर बासष्ट होऊन राहावं लागणार होतं.

“चौऱ्याहत्तर,” मी म्हणाले. “आणि आई, मलाही पोहे दे.”