पोंभुर्ण्याच्या मास्तरीणबाई

नव्या डॉक्टरसमोर मास्तरीणबाई नेमका उजवाच हात पुढे करायच्या. आम्ही रक्तदाबाचा पट्टा गुंडाळायला लागलो, की हात झटकन मागे घेऊन म्हणायच्या, "नापास! आपरेशन कोन्या बाजूचं हाय, इचारलं काऊन नाई?"

पोंभुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यात इंटर्नशिपला गेलेली मीही पहिल्याच दिवशी अशी नापास झाले. काही वर्षांपूर्वी नागपूरला बाईंचं उजव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. काखेतल्या गाठी काढल्या, की तो हात सुजू नये म्हणून जपावा लागतो, त्यावर पट्टाही आवळायचा नाही, हे मला तोंडपाठ होतं. समोरच्या बाईला विचारायचं तेवढं सुचलं नाही. बाई चौथी पास, घर चालायचं तळ्यातल्या मासोळ्या विकून. पण आमचे मोठे डॉक्टर दर बुधवारी आम्हाला त्यांच्यापुढे बसवत आणि स्वतः मागच्या बाकावर बसत. 'मास्तरीणबाई' हे नाव डॉक्टरांनीच ठेवलेलं.

"बऱ्या झालेल्या बाईला सल्ला काय द्याल?" असं डॉक्टरांनी विचारलं, की मी घडाघडा सांगायची, "हाताला काटा लागू देऊ नका, जड उचलू नका." बाई खो खो हसायच्या. "बिनकाट्याची मासोळी कुठी भेटते तेवढं सांग, पोरी. मंग नाई लागू देत." शेवटी आम्ही तळ्यावर गेलो, त्यांचं काम पाहिलं आणि सल्ला बदलला: जाड हातमोजा, टोपली डाव्या बगलेत. माझा डिग्रीचा तोरा त्या चिखलात उतरला, आणि बरंच झालं.

त्यांचं एक बोलणं आम्ही सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं होतं. "बरी झाली, बरी झाली म्हनते सारे. पन भेव कुठी बरं होते?"

लिहून घेतलं, पण खुद्द त्यांना भीती वाटते का, हे विचारायचं राहिलं. माझ्या शेवटच्या आठवड्यात बाई भिंतीला धरून उठताना दिसल्या. मी त्यांना बाहेर गाठलं.

"बाई, भेव वाटून राह्यलं का?"

"महिना झाला, पाठ दुखून राह्यली. बिमारी तिथी तं नाई ना गेली? घरी नाई सांगितलं. पोरीचं लगन जमून राह्यलं. पाव्हण्यायले समजलं तं मोडन ना."

मी त्यांना घेऊन नागपूरला गेले. हाडांची तपासणी झाली. रिपोर्टची वाट बघताना मी सारखी "काही नसेल हो" म्हणत होते. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुले मालूम नाई, मले मालूम नाई. चूप राय. पन इथीच बस."

मी बसले. रिपोर्ट चांगला आला. बाई रडल्या, मी त्यांच्याहून जास्त रडले. लग्नही ठरल्याप्रमाणे झालं.

आता मी मेडिकलच्या मुलांना शिकवते. वाट बघणाऱ्या पेशंटशी काय बोलावं, असं कुणी विचारलं, की मी त्याला त्या पेशंटच्या शेजारी नेऊन बसवते आणि निघून येते. बाई, एवढं मोठं मला दुसऱ्या कुणीच शिकवलं नाही.