काचेमागची पिवळी

आमच्या कोपऱ्यावरच्या वाद्यांच्या दुकानात काचेमागे एक पिवळीधमक गिटार टांगलेली असते. बाकीच्या सगळ्या काळ्या नाहीतर तपकिरी. ही एकटीच नुकती हळद लागल्यासारखी. गिटारच्या क्लासला जाताना ती दिसली की बरं वाटतं आणि लगेच धास्तीही वाटते, उद्या असेल ना?

काल क्लास दुपारी होता, आणि तिची जागा रिकामी होती. दारातूनच विचारलं, "विकली का हो काका?"

"छे! दुपारी ऊन येतं तिथे. रंग उतरू नये म्हणून आत ठेवतो," दुकानदार म्हणाले. "तिला कोण घेतंय? लोक तिला बघून आत येतात आणि काळी घेऊन जातात."

मला लोकांचा रागच आला. पण दप्तर असो की स्वेटर, आई दुकानात एकच म्हणायची, "मळखाऊ रंग घे." डाग दिसू नये, आपण दिसू नये. पिवळी गिटार हातात असली की माणसं आधीच वळून बघणार; मग सूर चुकला तर लपायचं कुठे?

काकांनी ती आतून आणून माझ्या मांडीवर ठेवली. मी एक तार छेडली. दुकानातल्या दोघांनी वळून पाहिलं आणि मी पटकन तळहाताने तार दाबून आवाज थांबवला.

"छान आहे हो काका," मी म्हणाले. "हीच, पण जरा मळखाऊ रंगात मिळेल का?"