कोलूतले दोन ससे

माझ्या राजसकाकूनं सूड उगवला तो नवरात्रात, भरल्या घरात, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही.

काकू मद्रासच्या एका मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. आमच्या तंजावरी मराठी घराण्यात नोकरी करणारी ती पहिली सून, म्हणून काहीही बिघडलं की बोट तिच्याकडेच. पन्नास साली तिच्या लहानग्या गोदाला ताप भरला, मान ताठली. काकूचे थोरले दीर दत्ताजी डॉक्टर, टी. नगरात त्यांचा दवाखाना. घरचा डॉक्टर सोडून परक्या इस्पितळात जाणं म्हणजे थोरल्यांचा अपमान, असा आमच्याकडचा रिवाज. काकूनं तो मुकाट्यानं पाळला. दत्ताजीकाकांनी मेंदूच्या आवरणाचा क्षय ओळखला आणि स्ट्रेप्टोमायसिन गोदाच्या दंडात टोचत राहिले. गोदा गेली. तेराव्याला ते सगळ्यांसमोर म्हणाले, "आईला कॉलेजातून सवड झाली नाही. उशिरा दाखवलं."

ते वाक्य काकूला चिकटलं. लग्नामुंजीत ती आली की बायका आवाज खाली आणायच्या. तिला एकच हवं होतं, ज्या तोंडानं हे बोललं गेलं त्याच तोंडानं ते मागं घेतलं जावं. तिनं वाचनालयात बसून आजाराबद्दल मिळेल ते वाचलं आणि काकांना जाब विचारायला गेली. "तुला जनावरांतलं कळतं, माणसांतलं नाही," म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं.

चोपन्न सालच्या कोलूत, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडतात त्या बाहुल्यांत, काकूनं कुंभाराकडून करवून घेतलेले दोन ससे ठेवले. दोन्ही उभे चिरलेले. एक नखशिखांत निळा, मेंदू तेवढा पांढरा. दुसरा पांढरा, मेंदू तेवढा निळा. शेजारी वामनावतार. बायका पदराआड हसत होत्या. कोलूच्या आमंत्रणाला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे दत्ताजीकाका आणि त्यांची बायको कामाक्षीकाकूही सुंडलाची, म्हणजे प्रसादाच्या हरभऱ्याच्या उसळीची, वाटी घेऊन बसले होते.

"हे काय गं?" कामाक्षीकाकूंनी विचारलं.

"अक्का, सशाच्या शिरेत निळा रंग टोचला की कान, कातडी, काळीज सगळं निळं होतं. मेंदू पांढराच राहतो. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक आडकाठी आहे म्हणतात शास्त्रज्ञ. ती नेमकी कुठं आणि कशाची, यावर अजून त्यांची भांडणं चाललीत. पण रक्तातलं सगळंच ती मेंदूकडे जाऊ देत नाही."

"आणि हा दुसरा?"

"याला तोच रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात टोचला. ते पाणी पाठीच्या कण्यातही असतं. गोदाचं औषधही नुसतं दंडातून टोचून मेंदूकडे पुरेसं पोचत नव्हतं. कण्यातूनही द्यायला हवं होतं. ती आजारी पडायच्या आधीच हे छापून आलं होतं, भावोजी."

दत्ताजीकाकांनी वाटी खाली ठेवली. "तेव्हा इथं कुणाला ठाऊक होतं? आणि उशीर झाल्यावर कुठूनही टोचा, उपयोग काय?"

काकूनं तोंड उघडलं, पण बोलल्या कामाक्षीकाकू. सशांवरची नजर त्यांनी काढली नव्हती.

"गोदा गेली त्याच्या पुढच्या वर्षी आपल्या जयतीर्थाला असाच ताप आला, तेव्हा तुम्ही त्याला लगेच मोठ्या इस्पितळात नेलंत. कण्यातून सुई द्या, असं तुम्हीच त्यांना सांगितलंत. मी दारात उभी होते. बाहेर मात्र टायफॉईड म्हणून सांगायला लावलंत." त्या नवऱ्याकडे वळल्या. "म्हणजे गोदाचं कुठं चुकलं ते तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

 इतकी वर्षं राजसकाकू काकांना अडाणी समजत होती. आपला पोरगा वाचवून ते तिच्यावरचा ठपका तसाच ठेवून बसले असतील, हे तिच्याही मनात आलं नव्हतं.

काका उठले. "चल घरी."

कामाक्षीकाकू जागच्या हलल्या नाहीत. राजसकाकू दारात जाऊन उभी राहिली.

"उशीर कुणी केला, भावोजी?"

 काका जमिनीकडे बघत पुटपुटले, "माझं चुकलं. तू वेळेवर दाखवलं होतंस."

काकू वर्गात बोलायची त्या आवाजात म्हणाली, "मोठ्यानं. मागं बसलेल्यांना ऐकू आलं नाही."