भोवरे आणि सफरचंदाचा केक

"पोरी, हीटर तूच ताणला असशील. माझी नळी चोख हाय."

"मिस्त्री, हीटर निम्म्यावरपण नाही. तरी पेन उडाला बघा."

लायडनच्या प्रयोगशाळेत मिस्त्री ट्यूनिस हूगलँड काच तापवून नळ्या ओढता ओढताच म्हातारा झाला होता. केसाएवढी नळी त्यानंच ओढलेली. तिच्यात अतिथंड हीलियम. अर्धं हीलियम उष्णता घेऊन बाहेर निघतं, अर्धं त्याच वाटेनं आत येतं. बोळात दोन वऱ्हाडं समोरासमोर यावीत आणि खांद्याला खांदा लागू नये, तसं. हीटर वाढवत गेलं की एका हद्दीपाशी भोवरे उठतात, गुंता होतो, उष्णता तटते आणि कागदावर तापमानाची रेघ काढणारा पेन उडी मारतो. ती हद्द फेमके पोस्टमाला मोजायची होती. तिचा प्रबंध त्यावरच अडलेला, आणि हीलियमची पाळी आजच्यापुरती. पुढची उन्हाळा सरल्यावर.

नेमका आज ट्यूनिसचा वाढदिवस. त्यामुळं सफरचंदाचा केकही त्यानंच आणलेला; ज्याचा वाढदिवस त्यानंच केक द्यायचा आणि अभिनंदन मात्र सगळ्यांचं करायचं, तिकडची रीतच ती.

केस नावाचा पंपवाला धाडधाड आत आला. "अभिनंदन, मिस्त्री. फेमके, तुझंपण अभिनंदन, मिस्त्रींचा वाढदिवस म्हणून." पेन उडाला. मागून ग्रंथालयाच्या बाई आल्या आणि तिघांचंही अभिनंदन करून गेल्या. पेन तीनदा उडाला.

फेमके जमिनीकडं बघत म्हणाली, "नळी चोखच आहे, मिस्त्री. तुमचा वाढदिवस आत शिरतोय. पावलांच्या हादऱ्यानं भोवरे आधीच उठतात."

"वर्साचं एकदा मानसं माज्याकडं येत्यात. त्यास्नी हाकलू व्हय?"

तिचं तोंड रडवेलं झालं. ट्यूनिसनं बूट काढले, केक उचलला आणि तो मोज्यांवर चालत जिन्याच्या तोंडाशी जाऊन बसला.

प्राध्यापक हात पुढं करूनच वर आले.

"आज न्हाई. वाढदिवस उद्या हाय," ट्यूनिस म्हणाला.

"तुमच्या घरी संडासातल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर तर आजच लिहिलाय."

"बायकोनं चुकीचं लिवलं."

"मग हा केक?"

"चवीपुरता. हितंच खावा. हळू."

प्राध्यापकांनी चवीपुरते दोन तुकडे खाल्ले. त्यांच्यामागं आलेल्यांनी उरलेला संपवला.

दुपारी फेमके कागद घेऊन बाहेर आली. रेघ हद्दीपर्यंत गुळगुळीत, मग एकच उडी. तिनं हात पुढं केला. "अभिनंदन, मिस्त्री."

"उद्या," ट्यूनिस ताट खरवडत म्हणाला. "आता रातच्याला परत सफरचंदं सोलायची आली. बायकू काय बोलंल त्ये बोलंल."

"मी सोलू लागते."

"तू लिवायला बस."

त्यानं बूट चढवले, धाडधाड आत जाऊन बर्नर पेटवला आणि पुढची काच ज्योतीवर धरली.