मागच्या चाकाचा ब्रेक आन् दुधनीची अव्वा

मला त्या गाडीचं लई भ्या वाटायचं. आमचे हे सोलापुरात एका मिलवाल्या मालकाच्या गाड्या बघायचे, त्यातली ही जुनी इलायती, लाल, बुटकी, शर्यतीची, दोनच मानसं बसनारी. मागचा ब्रेक धरला की सुटायचाच न्हाय, चाकातनं धूर निघायचा, आन् एकदा तर गाडी गर्रकन फिरून मालकासकट भिताडावर गेली. मालकानं मुंबईहनं ब्रेकात आत बसनारी नवी रबरं मागवली आन् ह्यास्नी म्हनले, तूच खोल, तूच बसव, आन् मिलमागच्या उतारावर आदी तूच चालवून दाव. त्या उताराच्या खाली रेल्वेचं फाटक. माझं लेकरू अंगावर पीत हुतं. मी सारखी सिद्धरामाला म्हनायची, देवा, ह्येंचं मन फिरव, त्या गाडीत बसू दिऊ नगंस. मन काय फिरलं न्हाय. देव ऐकतो तरी का, असंच वाटाया लागलं.

आमच्या खोलीम्होरं लिंबाखाली गाडी उभी. ह्येनी मागचे कॅलिपर काढले हुते. चाकासंगं फिरनाऱ्या लोखंडी तबकडीला दोन्ही अंगानं चिमट्यावानी धरतंय, ते कॅलिपर. ह्येंचा हात लई सुरेख, एकेक तुकडा घासून रुप्यावानी केला. घमेल्यात रॉकेल घिऊन सगळं धुतलं, आन् नवी रबरं बी त्यातच टाकनार, तेवढ्यात पानी मागाया आलेली एक म्हातारी बाई म्हनली, "तम्मा, रबर रॉकेलात घालू नगं."

कानडी शिवंवरच्या दुधनीची हुती, म्हनून तम्मा, म्हंजे धाकल्या भावा. एष्टी धराया निघालेली. हे वैतागले. "अव्वा, तुमी पानी प्या. गाडी आमी बघतो."

"बघ की. उतारावर थांबंना झाली म्हंजे मला हाक मार."

ती खाली बसली, काडून टाकलेलं जुनं रबर उचललं. दुधात भिजलेल्या पावावानी फुगलेलं. "ह्याला कुनीतरी आदी रॉकेल नायतर ग्रीस पाजलंय. फुगलं, म्हनून तबकडीवर दाबनारा आतला दट्ट्या, ते पिस्टन, अडकतंय. माझ्या दादल्याचं ट्रकचं ग्यारेज हुतं, ह्या बोटांनी लई बसवलीत."

ह्येनी नवी रबरं घमेल्यापासनं लांब फडक्यावर ठिवली. रबर माखाया ब्रेकचंच तेल लागतं, पन ते जेमतेम भरन्यापुरतं हुतं. ती माझ्याकडं वळली, "पोरी, लेकराला एरंडेल देतीस न्हवं? आन जा. त्यानं रबर फुगत न्हाय." तिनं कॅलिपर पुसून कोरडे करून घेतले, बोट एरंडेलात बुडवून रबर माखलं आन् अंगठ्यानं असं अल्लाद खाचेत बसवलं, जनू लेकराच्या कानात डूल घालतीय. दुसरं ह्येंच्याकडनं बसवून घेतलं. "जोर करू नगं. सरळ असंल तर आपसूक जातंय." पिस्टन खरंच आपसूक गेला.

मग ब्रेकातली हवा काढाया कुनीतरी आत बसून पाय दाबाया पायजे. ती मला म्हनली, "तूच बस." माझे पाय पोचंनात, पाठीमागं उशी घेतली. लेकरू तिच्या मांडीवर. चाकापासनं हे वरडायचे, "दाब. धर. सोड." पायाखाली पयलं पोकळ लागायचं, मग हळूहळू घट्ट झालं.

हे उतारावरनं निघाले तवा ती माझ्याशेजारीच उभी. फाटक बंद हुतं. मला देवाचं नाव बी आठवंना. गाडी खाली गेली, आन् फाटकाच्या लई अलीकडं सरळ, गुमान थांबली. धूर न्हाय, काय न्हाय. ह्येनी परत सोडली, परत थांबवली. मी बाईच्या पाया पडले. "उठ, माझी एष्टी जाईल," म्हनली, लेकरू माझ्याकडं दिलं आन् निघाली. नाव इचारायचं बी ऱ्हायलं.

कुनी म्हनतं योगायोग. मला काय कळतंय? मी मागितलं हुतं, ह्यास्नी आडव. देवानं आडवलं न्हाय, ब्रेक करून दिला. तवापासनं त्याला असं कर, तसं कर, सांगत न्हाय. हात जोडते, आन् दारात कोन आलंय ते आदी बघते.